दोनदा उघडणारा व्हॉल्व्ह

माझे वडील ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले आणि संध्याकाळी घरी येऊन विचारलं, "सगळे विचारतायत, मुलगी करते काय? काय सांगू?"

"पुस्तक लिहिते म्हणून सांगा. कंपनीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याचं."

"मग नाव असेल तुझं त्याच्यावर."

"नाही ओ. तसल्या पुस्तकावर कोणाचंच नाव नसतं."

त्यांनी पंखा वाढवला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच. गाडी धावते तोवर ब्रेक कोणी बसवला हे कोणी विचारत नाही. लागला नाही की मग विचारतात."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी बिनधास्त सांगते, कारण ते सोपं नव्हतं. पण नोकरीचा सगळा पाढा मी इथे वाचणार नाही. दिवाळी अंकात असलं काही वाचायला कोणाला वेळ आहे? वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी गाईड लिहायचे आणि त्यातल्या चुका दुरुस्त करायचे, एवढं पुरे. त्यातली डोंबिवलीची एक गोष्ट आजही मनातून जात नाही, तीच सांगते.

आधी धंदा समजून घ्या. आमचं सॉफ्टवेअर केमिकल कारखान्यांसाठी होतं. कारखान्यात रिॲक्टर म्हणून मोठी बंद भांडी असतात, त्यांत माल शिजतो. भांडं किती तापलंय, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडलाय, हे मीटरवरून घेऊन आमचं सॉफ्टवेअर कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर दाखवायचं. पण प्रत्येक कारखान्याचे मीटर वेगळे. त्यामुळे आम्ही तयार प्रोग्राम देत नसू, प्रोग्रामचा कच्चा माल देत असू. तो त्यांच्या इंजिनियरने त्यांच्याच कॉम्प्युटरवर जुळवून तयार करायचा. याला बिल्ड करणं म्हणतात. माझ्या वहिनीला मी सांगायचे, आम्ही चकलीची भाजणी देतो, चकल्या तुमच्या घरी पाडायच्या. कशा पाडायच्या, किती पाणी, किती मोहन, ते माझ्या गाईडमध्ये.

आता भाजणी चांगली असून चकली मोडली तर दोष कोणाला? गाईडला. म्हणजे मला.

लोक गाईड कसं वाचतात याचे किस्से पुष्कळ आहेत. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, "इथे आपल्या कारखान्याचे नाव लिहावे, उदा. अमुक प्लांट." काही दिवसांनी कळलं की अंबरनाथ ते तळोजा पट्ट्यात 'अमुक प्लांट' नावाचे बरेच कारखाने झालेत. एकाने तर मला फोनवर झापलं, "मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना अमुक?" तेव्हापासून मला एक गोष्ट कळली, ती आमच्या धंद्यात फार मोलाची. नमुना म्हणून जे ठेवाल ते लोक खरं म्हणून वापरतात.

चुका पकडायची आमच्या ऑफिसची एक पद्धत होती. गाईडची नवी आवृत्ती निघाली की मी ती मोठ्याने वाचायची आणि सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाने तसंच्या तसं करायचं. हा माणूस म्हणजे अकाउंट्समधली नयना. ती म्हणायची, "तोंड तुझं, हात माझे, डोकं कोणाचंच नाही." मी वाचलं नसेल ते तिने करायचं नाही, वाचलंय ते टाळायचं नाही. आणि हे नेहमी कोऱ्या मशीनवर. आदल्या दिवशी मी स्वतः कॉम्प्युटर पूर्ण पुसून ठेवायचे, म्हणजे जुनं काही मदतीला येणार नाही. नयनाच्या हातून बिल्ड झालं की गाईड पास. या पद्धतीचा आम्हाला भारी अभिमान होता.

त्या वर्षी नवी आवृत्ती निघाली. बिल्डच्या पायऱ्या बऱ्याच बदलल्या होत्या. त्या मी दुरुस्त केल्या, नयनाने करून बघितल्या, गाईड सगळीकडे गेलं. आणि डोंबिवलीहून फोन आला. एमआयडीसीतला कारखाना, आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तिथला इंजिनियर शिंदे, चांगला मुलगा, बडबड्या. पण त्या दिवशी हळू बोलत होता.

"मॅडम, तीन नंबर रिॲक्टरला नवा मीटर बसवला. तुमच्या गाईडप्रमाणे बिल्ड केलं. सगळं ओके आलं."

"मग?"

"तीन नंबर रिकामा आहे. सफाईला खोललाय. झाकण उघडं आहे." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आणि स्क्रीनवर त्याच्यात माल शिजतोय."

"मीटर खराब असेल रे."

"मीटर खराब असला तर आकडे वेडेवाकडे येतात. हे वेडेवाकडे नाहीत, मॅडम. कोणीतरी नीट चालवतंय."

मग त्याने बाकीचं सांगितलं. मागच्या आठवड्यात तीन नंबरमध्ये खरा माल भरलेला. स्क्रीनवर सगळं शांत होतं. पण म्हात्रे म्हणून जुना ऑपरेटर, जवळच्याच गावातला, तो एकदम उठला, वाफ बंद केली आणि थंड पाणी सोडलं. म्हणाला, भांडं जास्त तापलंय, त्याच्यावरच्या काट्याच्या मीटरवर दिसतंय, ही स्क्रीन खोटी आहे. माल वाया गेला. कारखान्याचे शेठ भडकले. काट्याचा मीटर जुना, तो अधूनमधून अडकतो, हे सगळ्यांना माहीत. आणि स्क्रीन खोटी कशावरून, असं विचारल्यावर म्हात्रेंनी जे उत्तर दिलं त्याने तर त्यांना घरीच बसवलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हा आपला प्लांट नाही. हा दत्ताराम चालवतोय."

"दत्ताराम कोण?"

"आमचा ऑपरेटर होता. वारला. दोन-तीन वर्षं झाली."

शेठचं म्हणणं होतं, म्हात्रे म्हातारा झाला, भ्रमिष्ट झाला. परवा तीन नंबर पुन्हा भरायचा होता, नवा कंत्राटी माणूस स्क्रीनवर बसणार होता. माल आत गेला की आकडा आपोआप सुधारेल, असं शेठना वाटत होतं. शिंदेला तसं वाटत नव्हतं, पण बोलायची हिंमत नव्हती. म्हणजे सरळ हिशेब असा: एक तर माझं गाईड बरोबर आणि म्हात्रे वेडे. नाहीतर म्हात्रे बरोबर, आणि परवा एक नवखा माणूस आंधळा बसून भांडं तापवणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नयनाला घेऊन डोंबिवलीला गेले. ती रिक्षात म्हणाली, "मला कशाला नेतेस?"

"हात लागतील तुझे."

"हात नेऊन भुताशी ओळख करून देणार का माझी?"

ती हसली, मीही हसले. 

कंट्रोल रूममध्ये चार-पाच माणसं होती आणि एकही जण स्क्रीनकडे तोंड करून बसला नव्हता. स्क्रीनसमोरची खुर्ची रिकामी. टेबलाच्या कडेला उदबत्ती लावलेली, तिची राख पार कीबोर्डपर्यंत पडलेली. आणि बाजूला स्टीलच्या पेल्यात चहा. भरलेला, साय धरलेला.

"हा कोणाचा?" नयनाने विचारलं.

 मग एक जण दाराकडे बघत म्हणाला, "राहू दे मॅडम. त्याची टायमाची चाय हाय."

मी आधी बाहेर जाऊन तीन नंबर बघितला. झाकण उघडं, आत धुऊन ठेवलेलं, पत्र्याला हात लावला तर थंडगार. परत आत आले. स्क्रीनवर तीन नंबर तापत होता. आकडा सावकाश, एकेक करत चढत होता, कसल्याही घाईशिवाय. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. पण खरं सांगते, त्या खुर्चीवर मीसुद्धा बसले नाही. उभ्यानेच बघत राहिले.

जेवणाच्या सुमारास घंटा वाजली. तापमान वाढल्याची सूचना. ती माणसाने बटण दाबल्याशिवाय थांबत नाही, गाईडमध्ये तसं मीच लिहिलंय. खोलीतलं कोणी हललं नाही. घंटा काही वेळ वाजली आणि थांबली. स्क्रीनवर अक्षरं आली, 'ऑपरेटरने सूचना पाहिली'. मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह जरासा उघडला. बंद झाला. आणि पुन्हा उघडला, या वेळी पूर्ण. आकडा खाली येऊ लागला.

"रोज असंच," शिंदे म्हणाला. "रोज ह्याच टायमाला."

माझ्या अंगावर काटा आला तो घंटेमुळे नाही. त्या आधीच्या एवढ्याशा उघडण्यामुळे. मशीन असं चाचपत नाही. ते माणसाचं काम.

मग आम्ही आमची पद्धत लावली. नयनाने पदर खोचून, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत, त्या खुर्चीवर बूड टेकवलं. मी गाईड उघडून पहिल्या पायरीपासून वाचत गेले, ती करत गेली. नव्या मीटरचा पत्ता कुठे लिहायचा, तो लिहिला. बिल्ड चालवलं. प्रत्येक पायरी लिहिल्यासारखीच उतरली. शेवटी 'बिल्ड यशस्वी' आलं. शिंदेने प्रोग्राम सुरू केला.

रिकामा तीन नंबर पुन्हा तापायला लागला.

इतक्या वर्षांत गाईड चुकलेलं मी पाहिलं होतं, माणसं चुकलेली पाहिली होती. सगळं बरोबर असून उत्तर चुकलेलं, हे पहिल्यांदाच. पाठीमागून तो चहाबद्दल बोललेला माणूस हळूच म्हणाला, "तो नाय जायचा असा."

म्हात्रेंना भेटल्याशिवाय पुढे काही सुचेना. त्यांचं घर कारखान्याच्या मागच्याच गावात. आता गाव म्हणायचं एवढंच, चारी बाजूंनी बिल्डिंगा. ते ओट्यावर कोळंबी सोलत बसले होते. कारखाना उभा आहे ती जागा त्यांच्या आज्याची भातशेती होती, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

"तुमीच ती पुस्तकवाली? या, बसा. शेठनं पाठवलं का, म्हातारा येडा झाला काय बघायला?"

"नाही काका. मला सांगा, दत्ताराम आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी हात धुतले. मग हवेत व्हॉल्व्हचं चाक धरल्यासारखी मूठ केली. जरा फिरवली, परत आणली, मग सरसर फिरवली. स्क्रीनवर पाहिलं होतं तेच, पण आता त्याला हात होता.

"दत्ताच उघडायचा असा. सगळ्या प्लांटात तो एकटा. मी बोलायचो, अरे सरळ उघड ना, कशाला नाटकं? तो बोलायचा, झोपलेल्या मानसाला उठवतो तसं पाइपाला आधी उठवायचं, मग कामाला लावायचं." त्यांनी मूठ सोडली. "आनि हा दिवस बी मना माहीत हाय. आमी जेवायला बसलेलो. घंटा झाली. दत्ता डबा तसाच टाकून पलाला. परत आला तेवा त्याच्या डब्यातली मच्छी मी खाल्लेली. चार दिवस बोलला नाय माझ्याशी."

नयना त्यांच्याकडे बघत राहिली होती. म्हणाली, "काका, त्यांच्या घरच्यांना सांगितलंत?"

"तिला काय सांगू? तुझा नवरा अजून ड्युटीवर हाय म्हनून?"

त्यांनी कोळंबीची परात बाजूला सरकवली. मग म्हात्रेच म्हणाले, "त्या दिवशी तुमचं बी कोन तरी आलेलं. चष्मेवाला सायेब. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन दिवसभर बसलेला."

चष्मेवाला साहेब म्हणजे आमचे सबनीस सर, कंपनीचे मालक. मी ओट्यावरूनच त्यांना फोन लावला.

"सर, सॉफ्टवेअरबरोबर आपण नमुन्याची रीडिंग देतो, मीटर जोडायच्या आधी स्क्रीन तपासायला. ती कुठली?"

"डोंबिवलीची. आपलं पहिलंच गिऱ्हाईक होतं, तिथे एक पूर्ण पाळी बसून मीच रेकॉर्ड केलेली, घड्याळाच्या वेळेप्रमाणे रोज तीच फिरते. का गं?"

मी नोकरीला लागायच्या आधीची ही गोष्ट. प्रत्येक कारखान्याच्या पहिल्या बिल्डमध्ये तो नमुना जायचा, दोन मिनिटं आकडे हलताना दिसले की खरे मीटर जोडायचे. दोन मिनिटांच्या पुढे तो कोणी पाहिलाच नव्हता. दत्तारामची पाळी आम्ही किती कारखान्यांना वाटली होती, देव जाणे.

पण नयनाच्या हातांनी तर आत्ताच खरा मीटर जोडला होता. मग नमुना अजून का चालतोय? परत जाताना रिक्षात मी हेच बडबडत होते. नयना म्हणाली, "ऑफिसात माझ्या हातून कधी असं झालं नाही."

"नाही ना."

"तिथे तू मशीन पुसून देतेस. इथे कोणी पुसलंय?" आणि मग, माझीच उपमा माझ्याच गळ्यात घालत, "आमच्या सासूबाई सोऱ्या धुतल्याशिवाय पीठ घालू देत नाहीत. कालचा गोळा तळाला राहिला की आधी तोच पडतो."

अगदी तसंच होतं. बिल्ड करणारा प्रोग्राम मुळात आळशी असतो. एखादा भाग बदललेला दिसला नाही तर तो नव्याने बनवत नाही, आधी तयार असलेला उचलतो. नव्या आवृत्तीत मीटरचा पत्ता लिहायची जागा बदलली होती, आणि ती बदललेली त्याला दिसतच नव्हती. तो जुन्या फोल्डरमधला गोळा, म्हणजे मीटर जोडायच्या आधी शिंदेने तीन नंबरला लावून बघितलेला नमुना, उचलून 'यशस्वी' म्हणत होता. आमच्या कोऱ्या मशीनवर जुनं फोल्डर कधी असायचंच नाही. ज्या पद्धतीचा आम्हाला एवढा अभिमान, तिच्याच पोटात ही चूक बसली होती. कोरं मशीन फक्त आमच्या ऑफिसात असतं. बाहेर सगळीकडे आधी कोणीतरी राहून गेलेलं असतं.

म्हात्रेंना आम्ही बरोबरच आणलं होतं. शेठही येऊन उभे राहिले. नयना पुन्हा खुर्चीवर बसली. मी गाईडमध्ये नसलेली पायरी वाचली, "जुने बिल्ड फोल्डर काढून टाकावे." तिचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. तिने वळून म्हात्रेंकडे पाहिलं.

म्हात्रे म्हणाले, "कर पोरी."

पुन्हा सगळ्या पायऱ्या. पुन्हा 'यशस्वी'. स्क्रीन आली तेव्हा तीन नंबरचा आकडा खोलीच्या हवेएवढा होता आणि तिथेच राहिला. रेघ सरळ, आडवी. व्हॉल्व्ह बंद. रिकामं भांडं दिसायला हवं तसं दिसत होतं. शिंदेने बाहेर जाऊन नव्या मीटरला गरम फडकं लावलं, आकडा वर गेला. काढलं, खाली आला.  शेठ म्हणाले, "अरे म्हात्रे, उद्या येऊन जा ना पाळीवर. घरी बसून काय करतो?" माफी वगैरे काही नाही. तेवढंच.

म्हात्रेंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या आडव्या रेघेकडे बघत होते. "गेला," म्हणाले. आणि तो साय धरलेला चहा उचलून बाहेर ओतून आले.

निघताना ते आम्हाला गेटपर्यंत सोडायला आले. मी सांगितलं, नमुना काही पुसला गेलेला नाही, मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, सर म्हणत असतील तर बदलून टाकू. ते थोडं चालले. मग म्हणाले, "काढू नका त्याला. पन कामाला बी लावू नका."

ऑफिसात आल्यावर मी पायरी घातली. पण पायरी पुरेशी नाही, हे 'अमुक प्लांट'ने मला शिकवलं होतं. लोक पायऱ्या गाळतात. गाळली तर कळायचं कसं? आकडे खरेच दिसणार, स्क्रीन शांत दिसणार. मी खाली आणखी एक सूचना लिहिली. सबनीस सरांनी ती वाचून चष्मा काढला.

"हे काय? गाईडमध्ये असलं विचित्र वाक्य? पायरी आहे ना, बस झालं."

"सर, तुम्ही तिथे दिवसभर बसला होतात. तुम्हाला तो माणूस आठवतो?"

त्यांनी चष्म्याची काच पुसली. "डबा टाकून धावत गेलेला," म्हणाले. "नाव नाही विचारलं मी."

सूचना राहिली.

त्यानंतर मी तिथे असेपर्यंत अधूनमधून फोन यायचे. कधी कल्याणहून, कधी पार गुजरातच्या कुठल्या गावाहून, ज्याने डोंबिवली पाहिलीही नाही असा कोणी तरुण इंजिनियर घाबऱ्याघुबऱ्या विचारायचा, "मॅडम, ते तुमच्या पुस्तकातलं... झालं. आत्ता झालं. आता काय करू?" मी सांगायचे, "वाफ बंद कर, थंड पाणी सोड, मग बाहेर जाऊन भांड्यावरचा मीटर बघ. स्क्रीनचं नंतर बघू." एकदा एकाने परत फोन करून नुसतं "थँक्यू" म्हटलं. मागे खूप माणसांचा आवाज येत होता. काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

वडील आता नाहीत. असते तर वर्तकनगरच्या घरी बसून त्यांना ही एक ओळ वाचून दाखवली असती. तिच्यावर माझं नाव नाही, दत्तारामचंही नाही. गाईडमध्ये, बिल्डच्या प्रकरणात, अगदी शेवटी ती आहे:

"सूचना: थंड पाण्याचा व्हॉल्व्ह स्क्रीनवर आधी थोडासा उघडून बंद झालेला आणि मग पूर्ण उघडलेला दिसल्यास ताबडतोब काम थांबवावे. आपण पाहत आहात तो प्लांट आपला नाही."